पाहुण्यांच्या शाली

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आमच्या वस्तीत हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेर लागतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांच्या आतून अशी कळ निघते की चांगला मोठा माणूस उशी दातात धरून रडतो. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, दगदग झाली, की हे होतं; डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शांतपणे सांगू शकते. घरी ते शांतपणे पाहणं मला कधी जमलं नाही.

भाऊ कामठीला राहतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने, आणखी काही रुग्णांनी आणि त्यांच्या आयांनी मिळून एक गट केला होता. रविवारी दुपारी समाजभवनात जमायचं. कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाला रक्त लागणार आहे, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, सगळं तिथे बोललं जायचं. त्यांची एक मागणी फार जुनी होती. दवाखान्यात रक्त चढवून घ्यायला येणाऱ्यांसाठी एक बंद, उबदार खोली. रक्त चढायला तास न् तास लागतात, आणि आमची माणसं ते तास व्हरांड्यातल्या बाकांवर, थंडीत, पाय पोटाशी घेऊन काढत होती.

अशात शहरातल्या एका क्लबला आमचा पत्ता लागला. त्यांना दरवर्षी कुठल्या तरी आजारासाठी वॉकेथॉन करायचा असतो. त्या वर्षी सिकलसेल निघाला. लोक नाव नोंदवून चालतील, दुकानदार आणि कंपन्या मदत करतील, त्यातून खोली उभी राहील. गटातल्या बायका हरखून गेल्या. समितीवर गटातर्फे कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी भावाकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. भाऊ रुग्ण म्हणून, आणि मी मीटिंगमध्ये बोलू शकते म्हणून.

मीटिंग क्लबच्या अध्यक्षबाईंच्या घरी, सिव्हिल लाइन्समध्ये. मोठा हॉल, पांढरे सोफे. माझं आडनाव सांगितल्यावर त्यातून जे कळायचं ते सगळ्यांना कळलं आणि सगळे जास्तच गोड बोलायला लागले. लकडगंजातले एक घाऊक व्यापारी होते, क्लबच्या एकदोन बायका होत्या, आणि ठेका दिलेला एक इव्हेंटवाला होता. रस्ता कुठून कुठे, पाणी कोण देणार, हे सगळं आधीच ठरलेलं होतं. त्या दिवशीचा विषय एकच होता, शेवट.

इव्हेंटवाला म्हणाला, "लोक चालतात, ठीक आहे. पण लक्षात काय राहतं? फिनिश. फिनिश मेमोरेबल पाहिजे. आंख में पानी आना चाहिए."

मग एकेकाला सुचायला लागलं. फुगे सोडायचे. ढोल-ताशा. वरून ड्रोन. व्यापाऱ्यांनी रंगीत कागद उडवणाऱ्या तोफा आपल्याकडून देतो म्हणून सांगितलं. एक बाई म्हणाल्या, पेशंट्सना स्टेजवर बसवू या, प्रमुख पाहुणे फीत ओलांडून येतील आणि पेशंट त्यांना फुलं देतील. इव्हेंटवाल्याने लगेच मान हलवली. "सुपर. लहान मुलं असतील तर अजून चांगलं. थोडे वीक दिसणारे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी भावाकडे पाहिलं. तो समोरच्या ताटलीतल्या ढोकळ्याकडे पाहत होता.

मग तो बोलला. तो मोठ्याने बोलत नाही. म्हणाला, "माझ्या डोक्यात एक आहे. फिनिशवर टेबल लावू. जो पोचला त्याची बोटाला टोचून तपासणी. एक थेंब रक्त लागते, थोड्या वेळात समजते. आपल्या ओळखीच्या नर्स येतीन. लोक ज्या रोगासाठी चालले तो आपल्या रक्तात आहे का, हे समजूनच घरी जातीन. दोघंही नवरा-बायको वाहक असले तर पोराले होऊ शकते हा रोग. आणि वाहकाले स्वतःले काहीच होत नाही, त्याले माहीतच नसते."

मला अजूनही वाटतं, त्या हॉलमध्ये त्या दिवशी सुचलेला तेवढाच एक खरा शेवट होता. मग त्या फुलांवाल्या बाई हसून म्हणाल्या, "कल्पना छान आहे. पण चालणारे सगळे आपले लोक असणार ना. हे आमच्यात नसतं."

"आमच्यात म्हणजे?" मी विचारलं.

"अहो, तसं नाही," अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या. "त्यांचा अर्थ तसा नव्हता."

"मग कसा होता?"

भाऊच मध्ये पडला. "मॅडम, तपासल्याबिगर कसं समजन कोणात आहे अन् कोणात नाही?"

इव्हेंटवाला म्हणाला, सुई आणि रक्त पाहून मूड जातो, फोटो चांगले येत नाहीत. शेवटी टेबल मंजूर झालं, पण एका बाजूला. रुग्णांना स्टेजवर बसवायचं ठरलं. मी सांगितलं की जानेवारीतल्या सकाळी आमच्या लोकांना उघड्यावर बसवता येणार नाही, कार्यक्रम ऊन चढल्यावर ठेवा. ते म्हणाले, पाहुण्यांना सकाळचीच वेळ आहे. शेवटी अध्यक्षबाईंनी शब्द दिला. पेशंट अगदी शेवटी येतील, गाडीतून थेट स्टेजवर, थोडा वेळ बसतील, की लगेच परत. मी म्हटलं, स्वेटर, शाली, कानटोप्या, सगळं घालून. त्या म्हणाल्या, अर्थातच.

परतताना स्कूटरवर मी भावावर ओरडतच होते. "वीक दिसणारे म्हणे! तू काहून चूप बसला तिथं?"

तो मागून म्हणाला, "खोली पाहिजे का नाही तुले?"

"पाहिजे."

"मंग गाडी सांभाळून चालव."

त्या सकाळी मी मैदानावर पोचले तेव्हा धुकं होतं. स्वेटरवर जाकीट घालूनही माझे हात काकडत होते. पाहते तर भाऊ सोडून आमचे सगळे रुग्ण स्टेजवर. कामठीहून निघालेली बस अंधार असतानाच त्यांना घेऊन आली होती. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणे रिहर्सल घ्यायची होती. फुलं कशी द्यायची, कुठे पाहायचं, याची रिहर्सल.

आणि सगळ्यांच्या अंगात पांढरे पातळ टी-शर्ट होते. पुढे मदत देणाऱ्या कंपन्यांची चिन्हं, मागे क्लबचं नाव. स्वेटर कुठे आहेत? स्वेटर स्टेजच्या मागे एका पोत्यात भरून ठेवले होते. चिन्हं झाकली जातात म्हणून.

त्यांच्यात एक मुलगी होती, लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी. हुशार, जरा फटकळ, गटातल्या लहान मुलांची लाडकी. तिची आई कामठीत शिवणकाम करते. मी त्या आईला म्हटलं, "पोरीले स्वेटर घाला आधी."

ती दबक्या आवाजात म्हणाली, "जाऊ द्या न ताई. थोड्या वेळाचं काम आहे. त्याईनं सांगतलं, आपण कायले नाही म्हणावं?"

मी इव्हेंटवाल्याला शोधायला गेले. तो वॉकीटॉकीवर होता. त्याने मला तळहात दाखवला, थांबा. मी थांबले नाही. मी पोतं उचललं आणि स्टेजकडे निघाले, तेवढ्यात गोंधळ सुरू झाला. पहिले चालणारे आले होते.

आले, पण त्यांना आत सोडेनात. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, आणि शेवटची फीत पाहुण्यांच्या आधी कुणी ओलांडायची नव्हती. म्हणून कमानीच्या अलीकडे दोन माणसं जाड दोर आडवा धरून उभी. दोराच्या पलीकडे माणसं साचत चालली. घामेजलेली, हसतमुख, मग हळूहळू वैतागलेली. एक आजोबा दोर धरणाऱ्याला म्हणाले, "अरे बेटा, मला बाथरूमला जायचंय." त्यांनाही सोडलं नाही. इतकी माणसं स्वतःच्या पायांनी चालून आली होती आणि शेवट त्यांचा नव्हताच. जो गाडीतून येणार होता त्याचा होता.

मला पोत्यासकट स्टेजच्या पायऱ्यांपाशी अडवलं. इव्हेंटवाल्याचा एक माणूस म्हणे, आता स्टेजवर काही नेऊ नका, कॅमेरा सुरू आहे. मी त्याच्याशी भांडत होते तेव्हा मला माझा भाऊ दिसला. त्याचं टेबल पार्किंगच्या मागे, फिरत्या संडासांच्या शेजारी लावलेलं होतं. 'एका बाजूला' म्हणजे इतकं बाजूला. तो आणि दोन नर्स ते टेबल दोन्हीकडून धरून चालत येत होते. नळ्यांचा स्टँड एका नर्सच्या हातात. त्यांनी ते थेट दोराजवळ, अडकून पडलेल्या माणसांसमोर ठेवलं.

"तसेही उभेच आहात," भाऊ त्यांना म्हणाला. "बोट द्या."

लोक हसले. मग एकाने बोट पुढे केलं. मग त्याच्या बायकोने. पाहता पाहता रांग लागली. नर्स टोचत होत्या, थेंब नळीत सोडत होत्या, आणि भाऊ समजावत होता, द्रावण स्वच्छ राहिलं तर ठीक, गढूळ झालं तर पुढची तपासणी करायची, घाबरायचं काही नाही. माणसं मान वाकवून स्वतःच्या नळीकडे पाहत होती. त्या सगळ्या सकाळीत मला एकदाच बरं वाटलं ते तेव्हा.

इव्हेंटवाला धावत आला. "ये क्या चल रहा है? टेबल फ्रेममध्ये येतंय! हटाव!"

रांगेतली एक बाई त्याला म्हणाली, "दोर हटवा, मग टेबल हटवतो."

तेवढ्यात गाड्यांचे दिवे दिसले. पाहुणे आले. ढोल सुरू झाले, दोर सुटला, पाहुणे कमानीतून दोन्ही हात उंचावून चालत आले, जणू तेच पहाटेपासून चालत होते. व्यापाऱ्यांच्या तोफा उडाल्या आणि रंगीत कागदांचा पाऊस पडला. सगळे स्टेजकडे वळले. मीही.

त्या मुलीकडे माझं लक्ष गेलं. ती पाहुण्यांना द्यायचं फूल हातात धरून बसली होती, आणि दुसऱ्या हाताने मांडी दाबत होती. ओठ आत ओढलेले. हा चेहरा मी ओळखते. भावाच्या लहानपणापासून ओळखते. कळ सुरू झालेली असते आणि माणूस अजून कुणाला सांगायचं नाही म्हणून दम धरून असतो.

मी स्टेजवर चढले. पोतं खालीच अडकलं होतं. आजूबाजूला अंगावर घालण्यासारखं काही दिसेना. बाजूला एका टेबलावर तबकात शाली होत्या, घडी घालून, प्रत्येकीवर नारळ. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या, चांगल्या जाड, किनारीच्या. मी नारळ खाली ठेवले आणि सगळ्या शाली उचलल्या.

"मॅडम, मॅडम! त्या पाहुण्यांच्या आहेत," स्टेजवरचा एकजण माझ्या मागे.

"माहीत आहे," मी म्हटलं. पहिली शाल त्या मुलीभोवती गुंडाळली. दुसरी तिच्या शेजारच्या लहान मुलाभोवती. तिसरी एका आजीबाईंना दिली.

आणि तेव्हा कार्यक्रमाच्या निवेदकाचा आवाज आला. तो माझ्याच शेजारी माइक घेऊन उभा होता. गहिवरलेला आवाज काढून तो म्हणाला, "और देखिए, कितना भावुक क्षण! मायेची ऊब! जोरदार तालियां!"

टाळ्या सुरू झाल्या. खाली शेकडो माणसं, आणि सगळी टाळ्या वाजवत होती. ती मुलगी शालीत तोंड खुपसून रडत होती, तिचा पाय ताठ झाला होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. इतका राग मला आयुष्यात त्याआधी आला नव्हता, नंतरही आला नाही. मी त्या निवेदकाच्या हातातून माइक ओढून घेतला.

"टाळ्या वाजवू नका," मी म्हणाले. "गाडी आणा. हिला क्रायसिस आलाय."

मैदान एकदम गप्प झालं. ढोलवाल्यांपैकी एकाला ऐकू गेलं नसावं, तो थोडा वेळ वाजवतच राहिला.

सगळ्यात आधी हलले ते लकडगंजचे व्यापारी. ते स्टेजच्या पायऱ्या चढून आले, मुलीला एका बाजूने धरलं आणि आपल्या ड्रायव्हरला तिथूनच शिव्या घालत हाका मारायला लागले. पाहुण्यांच्या गाड्यांनी त्यांची गाडी अडवली होती, त्या काढायला लावल्या. "कौन है, कोई भी हो, हटाव!" असं ते ओरडत होते. मी त्यांच्याशी नंतर फार बोलले नाही, पण त्या एका ओरडण्यासाठी त्यांचं बाकी काहीही माफ करायला मी तयार आहे. मुलगी, तिची आई आणि मी त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात गेलो.

मुलगी बरी झाली. पण बराच काळ दवाखान्यात पडून राहिली आणि तिची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली. वर्ष गेलं नाही, पण गेल्यासारखंच झालं. मी भेटायला गेले तेव्हा तिची आई मला बाहेर घेऊन आली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "तुमी माईकवर कायले बोलल्या वं? आता ते खोली देतीन काय आपल्याले? आपल्यासाठी कोणी तरी काही करून राहिलं होतं."

"तुमची पोरगी तिथं तडफडून राहिली होती."

"माहीत आहे मले. मी तिची माय आहे." तिचा आवाज चढला. "पण तुमाले नोकरी आहे. आमाले ती खोली लागते."

मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. घरी येईपर्यंत तो राग गेला नाही. तिचं म्हणणं चूक नव्हतं म्हणून तो जास्तच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लबचा व्हिडिओ आला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनीच पाठवला. 'किती छान काम करता हो तुम्ही.' संथ संगीत, धुकं, चालणारी पावलं, पाहुणे, रंगीत कागद. आणि शेवटी मी. शाली पांघरताना मी, हळू गतीत. खाली लिहिलेलं, आमच्या कार्यकर्तीची माया. माझं माइकवरचं वाक्य नव्हतं. दोर नव्हता. भावाचं टेबल एका क्षणासाठीही नव्हतं. त्या मुलीचा रडका चेहरा मात्र होता, अगदी जवळून.

मी त्याच संध्याकाळी अध्यक्षबाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्या खरोखर खूश दिसत होत्या. "पाहिलात ना? सगळीकडे गेलाय. लोक रडले हो!"

"तो काढून टाका," मी म्हटलं.

"का? तुम्ही तर किती छान आल्या आहात त्यात."

"त्या मुलीला विचारलंत तुम्ही? तिला दुखत होतं. तुम्ही तिचा स्वेटर काढून घेतलात म्हणून दुखत होतं. मला शब्द दिला होतात तुम्ही, याच हॉलमध्ये."

त्या सोफ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला टी-शर्टचं कळलंच नाही. ते त्यांनी परस्पर केलं."

"तुम्ही स्टेजसमोर बसला होतात."

व्हिडिओ त्यांनी काढून टाकला, दुसऱ्याच दिवशी. तोवर तो लोकांच्या फोनमध्ये पोचलेला होता आणि अजूनही फिरतो. अधूनमधून कुणीतरी मला पाठवतं. मी उत्तर देत नाही.

खोली झाली. हे सांगायला हवं. त्या बाईंनी ती अडवली नाही, उलट दवाखान्यामागे लागून पुरी करून घेतली. उद्घाटनाला मला बोलावलं नाही. भावाला बोलावलं होतं, तो गेला, पेढा खाऊन आला. मी विचारलं, "कसा गेला तू तिथं?" तो म्हणाला, "बसनं." मग हसला, एकटाच.

त्या दिवशी दोराजवळ तपासलेल्यांपैकी काहींच्या नळ्या गढूळ झाल्या होत्या. भावाने एकेकाला फोन करून पुढच्या तपासणीला पाठवलं. काहींनी फोन उचलला नाही. एकाने "मला पुन्हा फोन करू नका" असं सांगितलं. पण एक तरुण नवरा-बायको एका रविवारी समाजभवनात आले, मागच्या खुर्च्यांवर बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. सिव्हिल लाइन्सचे होते. आता ते अधूनमधून येतात. कुणी त्यांना, हे तुमच्यात असतं का, असं विचारत नाही.

परवा भावाला रक्त चढवायचं होतं. मी त्याच्यासोबत त्या खोलीत बसले होते. खोली खरंच उबदार आहे. दारावर देणाऱ्यांच्या नावांचा फलक इतका मोठा आहे की दार उघडताना तो भिंतीला लागतो. शेजारच्या खाटेवर तीच मुलगी होती, पुस्तक वाचत. तिची आई माझ्याकडे पाहून सरकली, म्हणाली, "बसा न ताई." मी बसले. तिने डबा उघडून मला चिवडा दिला.

तेवढ्यात माझ्या फोनवर अध्यक्षबाईंचा निरोप आला. यंदाच्या वॉकची मीटिंग आहे, फिनिशबद्दल तुमच्या कल्पना हव्या आहेत. मी तो वाचला आणि फोन उलटा ठेवला. भावाने विचारलं काय आहे, मी सांगितलं.

"मी नाही जात," मी म्हटलं. "जाईन तर भांडीन."

"भांड न मंग," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मी कुठं नाही म्हणून राहिलो? तू नाही गेली तं तिथं आपल्या बाजूनं कोण भांडन?"

मुलीच्या आईने डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिने मला गप्प राहायला सांगितलं नाही.

मी गेले. पांढऱ्या सोफ्यावर बसले. इव्हेंटवाला नवा होता, चेहरा नवा, शब्द तेच. त्याने "फिनिश" म्हणेपर्यंत मी थांबले, आणि मग बोलायला सुरुवात केली.